नाणी शिकायची तर आधी तराजू

नाणेशास्त्राकडे वळणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात तो लिपीचा. ब्राह्मी, म्हणजे जुन्या नाण्यांवरची प्राचीन भारतीय लिपी, कुठे शिकायची? मी त्यांना आधी जेम्स प्रिन्सेपचं चरित्र वाचायला लावतो. ब्राह्मी उलगडणारा हा माणूस 1819 मध्ये, जेमतेम विशीत, कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदीचा कस तपासायला आला. पुढची दहा वर्षं बनारसच्या टांकसाळीत तेच काम.

कस कसा काढतात ते नीट समजून घ्या. तोललेला चांदीचा तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवतात. शिसं हिणाला बरोबर घेऊन राखेत मुरतं आणि तळाशी शुद्ध चांदीचा चकचकीत मणी उरतो. तो पुन्हा तोलायचा. घट आली तेवढं हीण. सगळी मदार तराजूवर, म्हणून प्रिन्सेपने अतिशय नाजूक तराजू स्वतः रचला. देशभर एकच नाणं असावं यासाठी तो झटला. 1835 चा ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅम. सराफाकडचा जुना तोळा तो हाच!

तेव्हा नवं नाणं हाती आलं की आधी वजन करा, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. आणि चिंच-लिंबाने कधीही घासू नका. वजनही जातं, अक्षरंही जातात.

लिपीही प्रिन्सेपला अशीच, नमुन्याशेजारी नमुना ठेवून सुटली. सांचीच्या कठड्यांवरचे छोटे लेख पुष्कळदा त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे त्याने हेरलं. भाविकांनी दिलेली देणगी असणार, म्हणजे ‘दानं’! 1837 मध्ये ब्राह्मी बोलू लागली. एका बाजूला ग्रीक लेख असलेल्या नाण्यांनी खरोष्ठी या दुसऱ्या प्राचीन लिपीची वाट दाखवली. या कामापायी तो इतका झिजला की 1838 मध्ये आजारी अवस्थेतच मायदेशी परतला आणि 1840 मध्ये, चाळिशीतच गेला. मला याची फार हळहळ वाटते.

सरावाला पश्चिमी क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतातल्या प्राचीन शक राजांची, चांदीची नाणी घ्या. प्रिन्सेपनेही ती वाचली होती. नाणं लहान, त्यामुळे कडेचा लेख निम्मा नाण्याबाहेर गेलेला असतो. एकाच राजाची चार-पाच नाणी, नाहीतर त्यांचे स्वच्छ फोटो, शेजारी मांडा. एकावर तुटलेलं अक्षर दुसऱ्यावर सापडतं. लेखात बापलेक दोघांची नावं असतात आणि बऱ्याच नाण्यांवर चेहऱ्यामागे शक वर्षाचे आकडे. त्यावरून वंशावळ आधी स्वतः मांडा, मग पुस्तकातली पडताळा.