शर्मन कापायला घेण्याआधी

शर्मन रणगाड्याचं प्लास्टिकचं मॉडेल करताय, तर सगळ्यात आधी ट्रॅकच्या, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळपट्ट्याच्या, लिंक्स (कड्या) मोजा. खोकं उघडलंत, सूचनापत्रक चाळलंत, ठीक. आता ते बाजूला ठेवा आणि मोजा. एका बाजूला ८३, दोन्ही मिळून १६६. एवढ्या नसतील तर करवतीला हात लावू नका. मागच्या वेळी मी हल (रणगाड्याचं धड) कापला, लांबवला, पुट्टी भरली, घासला, बोग्या (चाकांच्या जोड्या) चिकटवल्या, आणि मग ट्रॅक गुंडाळायला घेतला तेव्हा तो दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन सेंटिमीटर कमी. म्हणून ही यादी.

हे सगळं एम४ए४साठी आहे. ब्रिटिश ज्याला शर्मन फाइव्ह म्हणत तो. नुसतं ‘शर्मन’ म्हणून किट आणलंत तर खोक्यात एम४, एम४ए१, एम४ए३ यांपैकी काहीही निघू शकतं, आणि या तिन्हींपेक्षा एम४ए४ लांब असतो. कारण इंजिन. टँकसाठी इंजिनं कमी पडत होती, तेव्हा क्रायस्लरने मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिनं एकत्र जोडून तीस सिलिंडरचं एक धूड तयार केलं. ते नेहमीच्या हलमध्ये मावेना. मग हल सुमारे ११ इंचांनी लांबवला, बोग्या एकमेकींपासून दूर सरकवल्या, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याला जागा हवी म्हणून इंजिनच्या डेकवर (वरच्या पत्र्यावर) एक फुगवटा आणि पोटाखाली एक फुगवटा काढला. १९४२-४३ मध्ये डेट्रॉइटच्या कारखान्यात असे ७,४९९ बनले. अमेरिकन सैन्याने थोडे प्रशिक्षणापुरते ठेवले आणि बहुतेक लेंड-लीजमधून, म्हणजे दोस्तांना युद्धसामग्री देण्याच्या योजनेतून, ब्रिटिशांना दिले. त्यांतलेच पुढे ब्रह्मदेशात २५५व्या इंडियन टँक ब्रिगेडकडे होते: प्रोबिन्स हॉर्स, रॉयल डेक्कन हॉर्स आणि गॉर्डन हायलँडर्समधून तयार झालेली ११६वी रेजिमेंट. मार्च १९४५ ला तिथलं मेइक्टिला शहर घेतलं ते याच रणगाड्यांनी. करायचाय तो हा.

आता गणित, कारण लोक इथेच फसतात. ११ इंच म्हणजे २८ सेंटिमीटर, ३५ ने भागलं की १/३५ प्रमाणाच्या मॉडेलला ८ मिलिमीटर. १/७२ ला चारच्या आतबाहेर. हे सगळे करतात. पण ट्रॅक चाकांच्या वरूनही जातो आणि खालूनही, म्हणजे वाढ दुप्पट धरायची: सोळा मिलिमीटर. शर्मनच्या ट्रॅकची एक लिंक सहा इंचांची, १/३५ ला जेमतेम साडेचार मिलिमीटर. म्हणून साध्या शर्मनला एका बाजूला ७९ आणि एम४ए४ला ८३. चार लिंक्सचा फरक. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर मागचं आयडलर चाक सांभाळून घेतं, खऱ्या रणगाड्यातही ट्रॅकचा ताण त्यानेच जुळवतात. पण ते चार लिंक्स सांभाळून घेणार नाही. ताणून बघितलं तर व्हिनाइलचा ट्रॅक पुढचं दातेरी चाक, स्प्रॉकेट, उखडून हातात देतो.

रस्ते दोन आहेत. पहिला म्हणजे एम४ किंवा एम४ए३चं साधं किट घेऊन हल लांबवायचा. स्वस्त पडतो, हात बसतो, कष्ट जास्त. दुसरा म्हणजे फायरफ्लाय फाइव्ह-सीचं, म्हणजे ब्रिटिशांनी १७ पाउंडर तोफ बसवलेल्या शर्मनचं, किट घ्यायचं. तो एम४ए४वरच बांधलेला असल्यामुळे हलची लांबी, बोग्यांमधलं अंतर, फुगवटे, सगळं आयतं मिळतं. पण मग उलटं काम करावं लागतं. फायरफ्लायमध्ये १७ पाउंडर तोफेच्या लांबलचक गोळ्यांना जागा हवी म्हणून पुढचा मशीनगनवाला काढून टाकला होता आणि त्याच्या जागेवर चिलखताचा पत्रा ठोकला होता. तो तासून काढायचा आणि तिथे ब्राउनिंग मशीनगनचा गोल माउंट पुन्हा बसवायचा. टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) मागे रेडिओचा जो चिलखती डबा असतो तो नको. टरेटच अख्खा बदला, ७५ मिलिमीटरवाला घ्या. फायरफ्लाय ब्रह्मदेशात गेलाच नाही, त्यामुळे ‘तोफ लांब आहे, दिसते छान, राहू द्या’ असं म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका. दोन वेगळ्या कंपन्यांचे टरेट आणि हल एकमेकांत बसतीलच असं नाही. टरेट ज्यात बसतो ती रिंग आधी बसवून बघा. फायरफ्लायच्या किटमध्ये लिंक्स पुरेशा असायला हव्यात. तरी मोजा.

संदर्भाचे फोटो. एकाच रणगाड्याचे, एकाच बाजूचे का होईनात, पण त्याच रेजिमेंटचे आणि त्याच महिन्यांतले. डेक्कन हॉर्सने १९६५ मध्ये असल उत्तरला शर्मनच वापरले, ते फोटो सहज मिळतात आणि मोह होतो. घेऊ नका. मधल्या वीस वर्षांत भारतीय शर्मनचं तोफेपासून सामानाच्या पेट्यांपर्यंत बरंच बदललं होतं. नॉर्मंडीचे फोटोही नकोत, तिथल्या खुणा आणि तिथलं सामान वेगळं. फोटोत पहिल्यांदा बोग्यांमधली फट बघा. मोकळी, रुंद फट दिसली तर एम४ए४, बोग्या चिकटून दिसल्या तर दुसरं काहीतरी. नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, जमलं तर एकदा जाऊन या. मापं घ्यायला नाही, पोत बघायला: ओतीव पोलाद किती खरबरीत असतं, वेल्डची शिवण किती ओबडधोबड. तिथे उभं राहून बघितल्यावर आपण टरेट घासून गुळगुळीत करतो ते किती चूक आहे ते कळतं.

हत्यारं सगळ्यांना माहीत आहेत. रेझर सॉ बारीक दातांची, ब्लेड नवी, स्टीलची पट्टी, प्लास्टिक शीट अर्ध्या आणि एक मिलिमीटरची, पातळ सिमेंट, पुट्टी, पॉलिश पेपर. फेविक्विक चालतं, पण त्याची वाफ आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरी उमटते, तेव्हा काचेजवळ आणि रंगवलेल्या भागाजवळ नको. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर प्लास्टिकवर टाकू नका, विरघळतं. ब्रश धुवायला ठेवा. रेझिनचे सुटे भाग मागवले असतील तर आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो, आणि घासताना पाणी लावून, मास्क घालून घासा. ती धूळ फुप्फुसात जायला नको. बाहेरून मागवत असाल तर कस्टम्सचे पैसे हिशेबात धरा, आणि मागवतच आहात तर त्याच ऑर्डरमध्ये ट्रॅकचा वेगळा सेट टाका. सेटच्या पाकिटावर ‘शर्मन’ लिहिलंय म्हणून १६६ असतील असं नाही. १५८ असू शकतात, १६० असू शकतात. आकडा वाचा. आकडा छापला नसेल तर विकणाऱ्याला विचारा.

आणि लिंक्सबद्दल आणखी एक, यातच माझा घात झाला होता. किटमध्ये नेहमी काही जादा लिंक्स असतात. त्या बघून मन म्हणतं की पुढच्या तिरक्या पत्र्यावर, टरेटच्या गालावर लावू, फोटोत तसंच दिसतं. दिसतं खरं. पण त्या लावून टाकल्यात की राखीव साठा संपला. सजावटीच्या लिंक्स १६६च्या वर मोजायच्या, त्यातल्या नाही. आधी दोन्ही बाजूंचे ट्रॅक ८३-८३ चे पूर्ण जुळवा, मग उरल्या तर टरेटवर लावा. शिवाय प्रकार एकच ठेवा. सपाट रबराचे, रबरी नक्षीचे, पोलादी नक्षीचे असे ट्रॅकचे बरेच प्रकार होते. शेजारच्या डब्यातून चार लिंक्स उसन्या घेतल्या की त्या हमखास वेगळ्या प्रकारच्या निघतात, आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

कापणं. हलचा वरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळे कापायचे, वेगवेगळ्या ठिकाणी. वर टरेटच्या मागे, डेक सुरू होतो तिथे. खाली मात्र एकच काप घालून आठ मिलिमीटरची पट्टी बसवली तर दोनच बोग्यांमधली फट वाढते आणि तिसरी जिथल्या तिथे राहते. खऱ्या एम४ए४मध्ये दोन्ही फटी सारख्या वाढलेल्या असतात. म्हणून किटच्या बोग्या बसवायच्या खुणा तासून टाका आणि रेखाचित्रावरून नव्या आखा. रेखाचित्र १/३५ ला छापून घ्या, पण छापून झाल्यावर त्यावर पट्टी ठेवून मोजा, प्रिंटर पान ‘फिट’ करून देतो आणि दोन टक्के खातो. कापण्याआधी मास्किंग टेप चारही बाजूंनी गुंडाळून रेघ मारा. कापल्यावर जोड आतून शीटच्या पट्ट्यांनी बळकट करा, बाहेरून नुसती पुट्टी म्हणजे वर्षभराने दिसणारी भेग. सपाट काचेवर ठेवून बघा, पीळ पडलाय का. पडलेला असतो. सिमेंट वाळायच्या आत सरळ करा. आणि मग, अजून काहीही चिकटवलेलं नसताना, बोग्या ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्याने) तात्पुरत्या लावा आणि ट्रॅक गुंडाळून बघा. हो, या टप्प्यावर. आयडलर चिकटवू नका. स्प्रॉकेट चिकटवू नका. ट्रॅक नीट बसला, ताण जमला, मग आयडलर. या क्रमात हात घालू नका.

जुन्या किटांत स्पॉन्सनचा (ट्रॅकच्या वर बाहेर आलेल्या हलच्या भागाचा) तळ उघडाच असतो, उलटं धरलं की आत पोकळी दिसते. शीट कापून बंद करा. चाकांच्या वर असल्यामुळे नंतर जमत नाही. इंजिनचा डेक लांबवलेल्या किटमध्ये पुन्हा बनवावा लागतो, जाळ्या आणि तो फुगवटा. फुगवटा इपॉक्सी पुट्टीचा करा. पोटाखालचा फुगवटा कोणी बघत नाही, तरी करा. नाही केलात तरी मी काही म्हणणार नाही. वेल्डच्या शिवणी ताणलेल्या स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांच्या), सिमेंटने मऊ करून सुरीच्या टोकाने टोचलेल्या. हँडल तांब्याच्या तारेची. दिव्यांचे गार्ड पितळेचे असतील तर वाकवायच्या आधी मेणबत्तीवर तापवून मऊ करा.

पावसाळ्यात रंग काम नको. कोकणात, मुंबईत, पुण्यात, कुठेही. दमट हवेत लॅकर आणि वार्निश पांढुरकं पडतं आणि ते सहज निघत नाही. प्रायमर मारा, मग जोड पुन्हा बघा, रेघ दिसतेच, पुन्हा पुट्टी, पुन्हा प्रायमर. हिरव्याचा नेमका रंग कोणता यावर भांडणारे भेटतील. काळ्यापांढऱ्या फोटोवरून ते ठरत नाही, तेव्हा एक हिरवा निवडा आणि पुढे चला.

धुळीबद्दल मात्र हट्ट धरतो. ब्रह्मदेश म्हटलं की लोक चिखल आणि लोंबणाऱ्या वेली लावतात. मेइक्टिला कोरड्या पट्ट्यात आहे, फेब्रुवारी-मार्च म्हणजे तिथे पाऊस नाही, सगळीकडे फिकट धूळ आणि खुरटी झाडं. चाकांवर, खालच्या हलवर, डेकच्या जाळ्यांत पिवळसर मातकट धूळ हवी. चिखलाचे गोळे नकोत. डायोरामा करणार असाल तर रणगाड्याबरोबर पायदळ ठेवा, एकटा रणगाडा नको. तिथे जपानी सैनिक विमानातून टाकायचे बॉम्ब मांडीवर घेऊन खड्ड्यांत बसले होते, रणगाडा डोक्यावर आला की दगडाने फ्यूजवर मारायचं. म्हणून पायदळ रणगाड्याच्या पुढेमागे खड्डे शोधत चालायचं. माणसं जमिनीकडे बघणारी रंगवा.

बाकी नेहमीचंच. डेकल (छापील खुणांचे पातळ पापुद्रे) चकचकीत वार्निशवर, मग सॉफ्टनर, मग मॅट वार्निश. ट्रॅक रंगवूनच चढवायचे, चढवून नाही. ८३ आहेत ना? टार्पॉलिन टिश्यूचं, फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून. टो केबल दोऱ्याची नको, तंतू दिसतात. दारं उघडी ठेवायची तर आत काहीतरी दिसायला हवं, नाहीतर बंद करा. वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) कमी. ड्राय ब्रश (कडांवरून फिरवलेला जवळजवळ कोरडा ब्रश) त्याहून कमी. अँटेना सगळ्यात शेवटी लावा, आधी लावलात तर मोडेल.