कार्ब्युरेटरची जुनी बाईक: आयडलिंग कसं बसवायचं

चोक ओढल्यावरच गाडी चालू राहते आणि चोक सोडला की बंद पडते? मग बहुतेक वेळा पायलट जेट (आयडलिंगला, म्हणजे थ्रॉटल न पिळता इंजिन चालू राहायला, पेट्रोल देणारा बारीक भोकाचा पितळी भाग) चोंदलेला असतो. साचलेलं पेट्रोल आटून त्याचा चिकट राळ होतो आणि ते बारीक भोक आधी बुजतं.

पेट्रोलचा कॉक बंद करा, फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करा. मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगला हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी तो अलगद आत बसेपर्यंत फिरवून किती फेरे होतात ते लिहून ठेवा. जोराने आवळलात तर टोक बिघडतं. जेटमध्ये कार्ब क्लीनर मारून हवेच्या दाबाने फुंका. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं.

जोडल्यावर स्क्रू जुन्या फेऱ्यांवर ठेवा. नोंद नसेल तर अलगद पूर्ण आत बसवून तिथून दीड ते दोन फेरे बाहेर. इंजिन नीट तापवून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) सर्वांत जास्त होतील तिथे थांबा. मग आयडल स्क्रूने (आयडलिंगचा वेग ठरवणारा वेगळा स्क्रू) आरपीएम मॅन्युअलप्रमाणे आणा, लहान सिंगल सिलिंडरला साधारण १२०० ते १४००.

तरीही आरपीएम वरखाली होत असतील तर इनटेक मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीचं) रबर तडकलंय का पाहा.