काळ्या मातीतली सावनी

पहिली सावनी मी बुडवून मारली. इंदूरला घर बांधून झालं, फाटकाशेजारी जागा उरली आणि मी ह्या फुलझाडासाठी हौसेने दोन फूट खोल खड्डा खणवून घेतला. निम्मं शेणखत, निम्मी वाळू, असा मऊ बिछाना करून रोप लावलं. जुलैत चार दिवस झड लागली. आपली माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगली की वरचं पाणी आत घ्यायला तयार नसते. मग ते सगळं माझ्या मऊ खड्ड्यात उतरलं आणि त्याचा हौद झाला. ऑगस्टअखेर रोप हलवून पाहिलं तर अलगद हातात आलं. मुळ्या काळ्या, बोटांत धरून ओढल्या की साल सुटून येत होती, आणि वास थेट नालीचा.

तेव्हा आधी खड्ड्याचंच सांगते. रोपाच्या मातीच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण गड्ड्याएवढाच खोल. किंबहुना काळ्या मातीत गड्डा चार-सहा इंच वरच राहू द्यायचा आणि भोवतीने उताराचा ओटा करायचा. भरताना तीच माती परत घालायची, फार तर दोन घमेली चांगलं कुजलेलं खत मिसळून. मुळ्यांना पुढे ह्याच मातीत संसार करायचा आहे, त्यांना पहिल्याच दिवशी गादीवर झोपवू नका. भिंतीपासून पाच-सहा फूट तरी लांब. ऊन निदान सहा तास हवंच. सावलीत झाड जगतं, पण फुलांच्या नावाने बोंब आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी.

सावनी म्हणजे क्रेप मर्टल, लॅगरस्ट्रोमिया इंडिका. महाराष्ट्राचं राज्यफूल जे तामण, त्याची ही धाकटी बहीण. मेंदी आणि डाळिंबसुद्धा ह्याच कुळातली. आमच्याकडे नावावरून दर वर्षी एक गंमत होते. शेजारच्या हिंदीभाषक भाभींचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे झाड कोणाचं पंचांग पाळतं ह्यावर वाद. झाड दोघींनाही जुमानत नाही. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की पहिला तुरा काढतं.

रोप घ्यायचं ते फुलं असताना, जुलै-ऑगस्टमध्ये. 'पांढरी आहे' म्हणून फेब्रुवारीत आणलेली माझी दुसरी सावनी ऐन पावसाळ्यात गडद गुलाबी निघाली. नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणे, "काकी, गुलाबी तो और अच्छी लगती है।" आता त्याच्याशी काय भांडणार? आणि खरं सांगायचं तर फूल हातात घेतलं तेव्हा माझाही राग गेला. सहा पाकळ्या, प्रत्येक बारीक देठावर वेगळी उभी, आणि कडेला अशी चुणी की कोणीतरी नखाने झालर घातलीय. मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका.

फुलांबरोबर पानांची खालची बाजूही बघा. पिठासारखी भुरी दिसली तर ते रोप तिथेच ठेवा. पिशवीच्या तळाशी मुळ्यांचं वेटोळं झालं असेल तरी नको. उंचीही आधीच विचारा: बुटकी जात तीन-चार फुटांत राहते, सोळा इंची कुंडीत गच्चीवर छान होते, मोठी जात बारा-पंधरा फूट सहज जाते. रोप आणलं की मी लगेच लावत नाही. पाऊस संपेपर्यंत पिशवीतच ठेवते आणि दसऱ्याच्या सुमारास, माती वाफशावर आली, म्हणजे ओल राहून चिखल सरला, की लावते. उन्हाळ्याआधी मुळ्या धरायला तिला चार-पाच महिने मिळतात.

पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड भरपूर पाणी, आळ्यात वाळक्या पानांचं आच्छादन, म्हणजे मातीला भेगा पडून मुळ्या तुटत नाहीत. दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एकदा पुरतं. पानं संध्याकाळी भिजवू नका.

आता छाटणी, जिथे सगळे चुकतात. फूल येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर. हे अर्धवट ऐकून आमच्या माळ्याने एका जानेवारीत माझं चांगलं वाढलेलं झाड चार फुटांवर सपाट कापलं. मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते, परतले तर फाटकाशी चार ठोंब! फुलं आली, नाही असं नाही, पण काठीसारख्या लांब फांद्यांच्या टोकाला. पावसात भिजून जड झालेले घोस वाकून चिखलात लोळले. कापलेल्या जागी मुठीएवढ्या गाठी झाल्या त्या वेगळ्याच. मग प्रत्येक ठोंबावर दोन-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढत गेले, तेव्हा तीन वर्षांनी झाड माणसात आलं.

संक्रांत ते वसंत पंचमी, म्हणजे पानं गळून झाड झोपलेलं असताना काय कापायचं? वाळलेलं, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, आत वळलेल्या काड्या, बुडाशी फुटलेले धुमारे आणि टोकांची वाळकी बोंडं. बस. पेन्सिलीपेक्षा जाड फांदीला हात लावताना दोनदा विचार करा. तीन-चार मूळ खोडं मोकळी राहू दिली की साल सोलून पेरूच्या खोडासारखी गुळगुळीत, तपकिरी-करड्या ठिपक्यांची दिसते. जपानीत हिचं नावच 'सारुसुबेरी' आहे, म्हणजे जिथे माकडही घसरतं.

जानेवारीत झाड बोडकं दिसलं की कोणीतरी 'मेलं का हो?' विचारतंच. नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, निघेपर्यंत तांबूस पालवी दिसायला लागते. त्या वेळी दोन घमेली शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. युरिया अजिबात नको, नुसता पाला वाढतो. पहिला बहर ओसरला की हिरवी बोंडं धरायच्या आत घोस कापा, महिना-दीड महिन्यात दुसरा बहर येतो. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला तर जोरात पाण्याचा फवारा, नाही गेला तर कडुलिंबाचं तेल. न आवरल्यास त्याच्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि झाड काजळी फासल्यासारखं होतं. पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. चिलेटेड लोह मिळतं, ते द्यायचं.

छाटलेल्या काड्या टाकून देऊ नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर, तीन-चार डोळे असलेल्या निवडून दोन डोळे वाळूमिश्रित मातीत जातील अशा रोवा. बियांपासून रंग बदलतो, काडीला तोच येतो. गेल्या वर्षी आठ रोवल्या, पाच लागल्या. त्यातली एक नणंदेच्या उज्जैनच्या अंगणात आहे, एक भाभींकडे, आणि तीन अजून माझ्या गच्चीवर डब्यांत, दसऱ्याची वाट बघत.