फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचं संशोधन घरच्यांनी कसं वाचायचं

घरात कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला की फोनवर लिंकांचा पाऊस सुरू होतो. नवीन गोळी आली, जगण्याचं प्रमाण दुप्पट झालं, अमक्या स्टडीत गाठ गायबच झाली. पाठवणाऱ्याची तळमळ खरी असते पण त्यातलं आपल्या पेशंटला काय लागू पडतं ते कुणी सांगत नाही, आणि डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय. मेडिकलचं शिक्षण नसेल तरी या बातम्या आणि रिसर्च पेपर बऱ्यापैकी वाचता येतात, फक्त वाचायचा क्रम बरोबर हवा.

पहिली गोष्ट, बातमी नंतर उघडा, आधी स्वतःच्या पेशंटची फाईल उघडा. बायोप्सी आणि स्कॅनच्या रिपोर्टमधून एका कागदावर चार गोष्टी उतरवून घ्या. प्रकार कोणता, म्हणजे स्मॉल सेल की नॉन स्मॉल सेल (साधारण 85 टक्के पेशंट नॉन स्मॉल सेलचे असतात), आणि नॉन स्मॉल सेल असेल तर अॅडिनोकार्सिनोमा की स्क्वेमस. स्टेज कोणती. ईजीएफआर, एएलके, आरओएस 1, केआरएएस वगैरे जीन्सची टेस्ट झालीये का आणि काय आलं. पीडी-एल 1 किती टक्के, हे ट्यूमरच्या पेशींवरचं एक प्रोटीन आहे, त्यावरून इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारी ट्रीटमेंट, कितपत लागू पडेल याचा अंदाज येतो. पाचवी गोष्ट रिपोर्टमध्ये नसते, डॉक्टरांना विचारावी लागते, ती म्हणजे परफॉर्मन्स स्टेटस, सोप्या भाषेत पेशंट स्वतःची कामं स्वतः किती करू शकतो त्याचा आकडा. 0 म्हणजे एकदम नॉर्मल, 4 म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. या पाच गोष्टी हातात नसतील तर कुठलाही पेपर वाचून फायदा नाही, उलट डोकं फिरतं.

जीन टेस्टवर जरा थांबूया कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 2004 मध्ये लक्षात आलं की काही ट्यूमरमध्ये ईजीएफआर जीनमध्ये बदल असतो आणि त्या पेशंटना गेफिटिनिबसारख्या गोळ्या फार छान लागू पडतात. मग 2009 मध्ये आयपास नावाच्या ट्रायलचा रिझल्ट आला. गेफिटिनिबची तुलना केमोशी केली होती. ज्यांच्यात ईजीएफआर म्युटेशन (जीनमधला हाच बदल) होतं त्यांच्यात गोळीवर आजार वाढण्याचा धोका केमोच्या निम्म्यापेक्षाही किंचित कमी, हॅझर्ड रेशो 0.48. आणि ज्यांच्यात म्युटेशन नव्हतं त्यांच्यात तोच आकडा 2.85, म्हणजे गोळीवाल्यांचा आजार केमोवाल्यांपेक्षा कितीतरी भराभर वाढला. गोळी एकच, आजाराचं नाव एकच, आणि एकाला वरदान तर दुसऱ्याचं नुकसान. शेजारच्या काकांना अमुक गोळीने फरक पडला, आपणही तीच घेऊ, असं कुणी म्हणालं की मला हेच दोन आकडे आठवतात. हे मनापासून सांगते, म्युटेशन रिपोर्ट बघितल्याशिवाय कुठल्याही गोळीच्या मागे लागू नका.

रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, काहीतरी लगेच सुरू करा म्हणून डॉक्टरांवर दबाव आणला जातो. पेशंटची तब्येत थांबण्यासारखी आहे का हे डॉक्टरच ठरवतील, पण थांबता येत असेल तर थांबण्यात अर्थ आहे. आधी इम्युनोथेरपी देऊन झाली आणि मागून ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं, आणि मग लगेच ऑसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी सुरू केली, तर फुफ्फुसाला गंभीर सूज यायचा धोका वाढतो. बायोप्सीचा तुकडा टेस्टला कमी पडला असेल तर रक्तातून म्युटेशन बघायची लिक्विड बायोप्सी होऊ शकते का विचारा. मात्र ती निगेटिव्ह आली म्हणजे म्युटेशन नाहीच असं नसतं, ट्यूमरचा डीएनए रक्तात कमी उतरला असेल तर टेस्टला सापडतच नाही.

आता पेपर कसा वाचायचा. एक उदाहरण घेऊ, कीनोट 024. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीची मोठी ट्रायल, पहिला रिझल्ट 2016 चा. बातमीत येतं की पाच वर्षांनी 31.9 टक्के पेशंट हयात होते, केमोच्या गटात 16.3 टक्के. ऐकायला खूपच छान, आणि आहेच छान, पुढे पसरलेल्या कॅन्सरमध्ये असे आकडे आधी कुणी बघितले नव्हते. पण आता प्रश्न विचारायचा, हे पेशंट कोण होते? पेपरात शोधलं की दिसतं, 1934 जणांना तपासलं होतं, त्यातल्या 1653 जणांच्या ट्यूमरची पीडी-एल 1 टेस्ट नीट होऊ शकली, त्यातल्या 500 जणांमध्ये पीडी-एल 1 पन्नास टक्के किंवा जास्त निघालं, आणि शेवटी ट्रायलमध्ये गेले 305. ईजीएफआर किंवा एएलके असलेले बाहेर. परफॉर्मन्स स्टेटस 0 किंवा 1 असलेलेच आत, म्हणजे हिंडतेफिरते लोक. तुमच्या पेशंटचं पीडी-एल 1 पाच टक्के असेल किंवा तो दिवसभर झोपूनच असेल तर 31.9 हा आकडा त्याचा नाहीये. आणि पीडी-एल 1 ऐंशी टक्के असेल, चालतंफिरतं माणूस असेल, तर मात्र हा पेपर अगदी तुमच्याच कामाचा आहे.

दुसरा प्रश्न, तुलना कशाशी केली? इथे साध्या केमोशी केली होती आणि केमो गटातल्या बऱ्याच जणांना आजार वाढल्यावर पुढे इम्युनोथेरपी मिळाली, तरीसुद्धा फरक टिकून राहिला, म्हणून हा रिझल्ट भक्कम आहे. काही स्टडीत तुलनेला दुसरा गटच नसतो, फक्त एका औषधावर इतक्या जणांची गाठ लहान झाली एवढंच असतं. असे स्टडी वाईट नसतात, सुरुवात तिथूनच होते, पण त्यावरून हे जुन्यापेक्षा चांगलंच आहे असं म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न, मोजलं काय? प्रोग्रेशन फ्री सर्व्हायव्हल म्हणजे आजार पुन्हा वाढेपर्यंत किंवा मृत्यूपर्यंतचा काळ, आणि ओव्हरऑल सर्व्हायव्हल म्हणजे माणूस एकूण किती जगला. बातमीत दोन्हीला सरसकट जगणं वाढलं म्हणतात. ईजीएफआर म्युटेशन असलेल्या पेशंटच्या फ्लॉरा ट्रायलमध्ये ऑसिमर्टिनिबवर आजार थोपवून धरण्याचा काळ 18.9 महिने होता, जुन्या गोळ्यांवर 10.2, आणि एकूण आयुष्य 38.6 महिने विरुद्ध 31.8. दोन्ही आकडे चांगलेच आहेत पण ते वेगवेगळं सांगतात. काही औषधांत पहिला आकडा वाढतो आणि दुसऱ्यात फारसा फरक पडत नाही, म्हणून पेपर वाचताना कुठला आकडा चाललाय ते बघून पुढे जा.

हे सगळे महिने मीडियन असतात, आणि यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण इथे माणसं खचतात. मीडियन 26 महिने म्हणजे 26 महिन्यांनी सगळं संपतं असं नाही. निम्मे पेशंट त्याच्या आधी गेले आणि निम्मे त्याच्यानंतरही होते, बस एवढंच. पेपरमध्ये कॅप्लान मायर नावाचा आलेख असतो, पायऱ्या उतरत जाणाऱ्या दोन रेषा. लोक मधलाच बिंदू बघतात, तुम्ही उजवीकडचं टोक बघा. रेषा उतरत उतरत जमिनीला टेकते की कुठेतरी सपाट होऊन पुढे चालत राहते? इम्युनोथेरपीच्या आलेखांत बरेचदा हे सपाट शेपूट दिसतं, म्हणजे काही पेशंटमध्ये फायदा वर्षानुवर्षं टिकतो. रेषेखाली बारीक अक्षरात अजून किती पेशंट मोजणीत उरलेत ते आकडे असतात, शेपटाखाली आठदहाच जण उरले असतील तर त्या भागावर फार भरवसा ठेवू नका.

हॅझर्ड रेशोबद्दल थोडक्यात, 1 पेक्षा कमी म्हणजे नवीन औषधाच्या बाजूने, जास्त म्हणजे विरुद्ध. शेजारी जी रेंज दिलेली असते तिच्यात 1 येत असेल तर फरक खात्रीने आहे असं म्हणता येत नाही. आणि 0.5 म्हणजे आयुष्य दुप्पट झालं असा अर्थ लावू नका, तो त्या त्या क्षणाच्या धोक्याचा आकडा आहे.

नेटवर पाच वर्षं जगण्याचे जे टक्के सापडतात ते वाचताना एक लक्षात ठेवा, आज छापलेला आकडा कमीत कमी पाच वर्षांपूर्वी डायग्नोसिस झालेल्या लोकांचा असतो, खूपदा त्याहून जुना. एएलके असलेल्यांचंच बघा, क्रिझोटिनिब ही गोळी 2011 मध्ये आली तेव्हा ती मोठी झेप होती, आणि 2024 मध्ये क्राऊन ट्रायलचा पाच वर्षांचा रिझल्ट आला त्यात लोर्लाटिनिब ही नंतरची गोळी घेणाऱ्यांपैकी 60 टक्के लोकांचा आजार पाच वर्षांनंतरही वाढलेला नव्हता, क्रिझोटिनिबवर तेच 8 टक्के. दहा वर्षांपूर्वीचा तक्ता हे कुठून दाखवणार.

स्क्रीनिंगच्या, म्हणजे लक्षणं नसतानाच तपासून आजार शोधण्याच्या, बातम्यांत वेगळा चकवा असतो. समजा दोन माणसं, दोघंही सत्तराव्या वर्षी याच आजाराने गेली. एकाला 67 व्या वर्षी खोकला झाला तेव्हा कळलं, दुसऱ्याला 63 व्या वर्षी स्कॅनमध्ये. पहिला डायग्नोसिसनंतर तीन वर्षं जगला, दुसरा सात. आकडेवारीत दुसरा पाच वर्षांच्या पुढे गेला, पण आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही. म्हणून स्क्रीनिंगच्या बाबतीत सर्व्हायव्हल किती वाढलं हे बघूच नका, मृत्यू किती कमी झाले ते बघा. छातीचा एक्स रे काढून स्क्रीनिंग करण्याचे जुने प्रयोग इथेच फसले होते, सर्व्हायव्हल वाढलेलं दिसलं पण मृत्यू तेवढेच. लो डोस सीटी, म्हणजे कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन, मात्र या कसोटीला उतरलं. अमेरिकेतल्या एनएलएसटी ट्रायलमध्ये 53 हजारांहून जास्त लोक होते, 55 ते 74 वयाचे, भरपूर सिगारेट ओढलेले किंवा ओढणारे, आणि 2011 च्या रिझल्टमध्ये सीटी गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी निघाले. हे 20 टक्के तुलनेतले आहेत हं, प्रत्यक्षात साधारण 320 जणांचं स्क्रीनिंग केल्यावर एक मृत्यू टळतो. आणि स्कॅनमध्ये संशयास्पद दिसलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोकांना कॅन्सर नव्हताच. म्हणजे जास्त धोका असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून करावं असं हे आहे, पण स्कॅनमध्ये गाठ दिसली की लगेच हाय खाऊ नये.

उंदरांवरचे आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे रिझल्ट आत्ताच्या पेशंटसाठी बाजूला ठेवा. कितीही सुंदर असले तरी ठेवा.

मूळ पेपर शोधायला पबमेड या रिसर्च पेपरच्या साइटवर औषधाचं किंवा ट्रायलचं नाव टाका, सारांश फुकट वाचता येतो. डॉक्टरांकडे जाताना दहा प्रिंटआऊट नेऊ नका, एकच पेपर न्या, आणि हे औषध द्या म्हणण्याऐवजी असं विचारा की या ट्रायलमधल्या पेशंटसारखी आमच्या पेशंटची परिस्थिती आहे का, नसेल तर कशात फरक आहे. या प्रश्नाला डॉक्टर खरोखर उत्तर देतात, कारण तेही मनात हेच ताडून बघत असतात.

अजून एक स्टडी आवर्जून दाखवा, 2010 चा. पुढे पसरलेला नॉन स्मॉल सेल कॅन्सर असलेले 151 पेशंट, निम्म्यांना नेहमीच्या ट्रीटमेंटबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर दिली, म्हणजे वेदना, धाप, झोप, मनाची अवस्था याकडे वेगळी टीम लक्ष देणार. त्या गटात नैराश्य कमी, जगण्याची प्रत चांगली, आणि शेवटच्या दिवसांत जोरकस ट्रीटमेंटचा मारा कमी होऊनही मीडियन आयुष्य 11.6 महिने, दुसऱ्या गटात 8.9. एकाच हॉस्पिटलमधला छोटा स्टडी आहे हे खरं, पण पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले असा जो समज आहे तो यामुळे पार बदलतो, त्यामुळे डायग्नोसिस झालं की लगेचच त्या टीमबद्दल विचारा. सिगारेट चालू असेल तर आता सोडून काय उपयोग असंही म्हणू नका, निदान झाल्यावर सोडणाऱ्यांचं आयुष्य चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त असल्याचं दिसलंय.

चालू असलेली ट्रायल शोधायची असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही साइट आहे. तिथे आजार आणि म्युटेशनचं नाव टाकून भरती सुरू असलेल्या ट्रायलच निवडा आणि थेट कोणाला घेणार, कोणाला नाही त्या यादीवर जा. आधी किती ट्रीटमेंट झालेल्या चालतात, मेंदूत पसरलेलं असेल तर चालतं का, किडनी लिव्हरचे रिपोर्ट कसे हवेत, सगळं तिथे लिहिलेलं असतं. फेज 1 मध्ये मुख्यतः डोस आणि साइड इफेक्ट तपासतात, फेज 3 मध्ये चालू ट्रीटमेंटशी तुलना होते, तेव्हा सहीआधी फेज कोणती, दुसऱ्या गटाला काय मिळणार, जास्तीच्या तपासण्या कोणत्या आणि मधेच बाहेर पडलो तर पुढची ट्रीटमेंट कोण बघणार हे विचारून घ्या. संमतीपत्र घरी नेऊन वाचायची मुभा मागा, आणि बाहेर कधीही पडता येतं, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही, हे पेशंटला स्वतःला सांगा, फक्त नातेवाईकांना माहीत असून चालत नाही.