आयटीआयची तक्रार करताय? आमच्या बॅचने केलेल्या या चुका टाळा

मी वेल्डर ट्रेडचा, सरकारी आयटीआय, कुठला ते सोडा. वर्कशॉपमध्ये मशीन होत्या, हेल्मेट होते, वेल्डिंगचे रॉडच नसायचे. मग पोरं दुपारभर शेडमागे मोबाईल बघत बसायची आणि वहीत मात्र जॉब (म्हणजे सरावाचं काम) पूर्ण म्हणून सह्या पडत होत्या. शेवटी वैतागून अर्ज दिला, 'निदेशक (म्हणजे शिकवणारे सर) नीट शिकवत नाहीत, योग्य ती कारवाई करावी'. प्राचार्यांनी वाचला, म्हणाले सर तर रोज येतात, मस्टर बघा. झालं, विषय संपला.

पहिली चूक तीच. 'नीट शिकवत नाहीत' हे कशाने मोजणार? दुसऱ्या अर्जात आम्ही लिहिलं की या महिन्यात वर्कशॉपचे दिवस 22, रॉड मिळाले 3 दिवस, वहीत सह्या 9 जॉबवर, प्रत्यक्षात केले 2, आणि खाली तारखा, वहीच्या पानांचे फोटो. यावेळी स्टोअरकीपरला बोलावणं गेलं. निघालं काय, तर रॉडचं मागणीपत्रच गेलेलं नव्हतं! आम्ही उगाच सरांच्या शिकवण्यावर घसरलो होतो, अडलं होतं भलतीकडेच.

दुसरी चूक म्हणजे अर्ज हातात देऊन यायचं. आवक-जावकला द्या आणि आपल्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. 'ठेवून जा, साहेबांना देतो' म्हणाले तर हसून उभं राहायचं, हलायचं नाही. पोहोच दिलीच नाही तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. आणि निनावी अर्ज नको, तो बहुतेक दप्तरी दाखल होतो, म्हणजे कारवाई न होता फाईलमध्ये पडून राहतो. एकट्याची भीती वाटत असेल तर बॅचच्या सगळ्यांच्या सह्या घ्या, रोल नंबरने, म्हणजे कुणी एक पुढारी ठरत नाही.

थेट मंत्र्यांना टॅग करायची फार हौस असते (आम्हीही केलं, दोन लाईक आले). वर पाठवलेला कागद फिरून प्राचार्यांच्याच टेबलावर अहवालासाठी येतो. म्हणून आधी प्राचार्य, मग जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी, मग प्रादेशिक सहसंचालक, ही ऑफिसं मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूरला आहेत, आणि त्यावर मुंबईचं संचालनालय. प्रत्येक वेळी आधीच्या अर्जाची पोहोच जोडायची.

रॅगिंग किंवा छेडछाड असेल तर मात्र ही शिडी चढत बसू नका, पोलिसांकडे लगेच जाता येतं. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग कायद्यात संस्थाप्रमुखाने 7 दिवसांत चौकशी करायची आहे. लैंगिक छळाची तक्रार संस्थेतल्या अंतर्गत समितीकडे लेखी द्यायची, साधारण 3 महिन्यांच्या आत, उगाच परीक्षा होऊ दे म्हणून थांबू नका.

अजून एक चूक, आमच्या बाजूच्या फिटर ट्रेडवाल्यांनी केलेली. निषेध म्हणून आठवडाभर वर्कशॉपवर बहिष्कार. परीक्षेला बसायला हजेरी 80 टक्के लागते राव! गैरहजेरी तुमच्याच नावावर पडते, मग तक्रार राहते बाजूला आणि हॉल तिकिटासाठी विनवण्या सुरू.

प्रायव्हेटवाल्यांनी फीची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ॲडमिशननंतर लगेच आयटीआयच्या मुलांची नोंद होते त्या सरकारी पोर्टलवर आपलं नाव, जन्मतारीख, ट्रेड नीट चढलंय का बघा. मंजूर जागांपेक्षा जास्त पोरं भरलेली असली तर नाव चढतच नाही आणि ते कळतं परीक्षेच्या तोंडावर.

तक्रार ऑनलाईन करायची तर राज्याचं 'आपले सरकार' पोर्टल किंवा केंद्राचं सीपीग्राम्स पोर्टल. तिथे 'निकाली काढली' असा मेसेज आला की पोरं सोडून देतात. अरे, उत्तर उघडून वाचा तरी. सीपीग्राम्सवर बंद झाल्यावर 30 दिवसांत अपील करता येतं.

आणि कुठेच काही हललं नाही तर माहिती अधिकार. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तर 30 दिवसांत. 'रॉड का दिले नाहीत' असं विचारू नका, कारण मागितलं की टोलवतात. 'या वर्षात वेल्डर ट्रेडसाठी किती रॉड खरेदी झाले, त्याची बिलं आणि स्टॉक रजिस्टरच्या प्रती द्या' एवढंच लिहा.