आईसाठी जागा शोधताना: अमेरिकेत नव्याने आलेल्यांना असिस्टेड लिव्हिंगबद्दल

मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, चहाच्या रांगेत, एखादं नवीन जोडपं मला गाठतं आणि हळूच विचारतं, "तुमच्या आई तिकडे राहतात ना? कसं आहे हो?" आवाज खाली येतो कारण मनात 'वृद्धाश्रम' हा शब्द घोळत असतो आणि तो उच्चारायची हिंमत होत नाही. मलाही २०१९ साली झाली नव्हती. आता सहा-सात जणांना तेच तेच सांगून झाल्यावर ठरवलं, की एकदा सगळं लिहूनच काढावं.

मी १९९८ पासून न्यू जर्सीत आहे. वडील गेल्यावर, २०११ मध्ये आईला ग्रीन कार्डावर आणलं. आठ वर्षं ती आमच्या घरी राहिली. मग बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि एका आठवड्यात आम्हाला अशा गोष्टींचे निर्णय घ्यावे लागले, ज्यांची नावंही आम्हाला धड माहीत नव्हती.

तेव्हा आधी नावं. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे स्वतःची खोली किंवा छोटा फ्लॅट, जेवण, साफसफाई, आणि अंघोळ, कपडे, औषधं यांसाठी मदतीला माणूस. नर्स असते, पण चोवीस तास असेलच असं नाही. नर्सिंग होम वेगळं. तिथे दिवसरात्र वैद्यकीय देखभाल असते. इंडिपेंडंट लिव्हिंगमध्ये अंगाला हात लावून मदत करणारं कोणी नसतं. मेमरी केअर म्हणजे विस्मरण झालेल्यांसाठी कुलूपबंद विभाग. आपल्या लोकांत फ्लोरिडातल्या टवेअर्सच्या शांतिनिकेतनचं नाव फार निघतं, आणि "तिथे ठेवू की आईला" असं सहज म्हटलं जातं. ती जागा भारतीय ज्येष्ठांच्या वस्तीची आहे, माणसं तिथे घर विकत घेऊन स्वतंत्र राहतात. ज्यांना उठायला-बसायला आधार लागतो, त्यांच्यासाठी ती सोय नव्हे.

दुसरी गोष्ट, नर्सिंग होमवर केंद्र सरकारचे नियम असतात आणि मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, साइटवर त्यांना एक ते पाच तारे दिलेले दिसतात. असिस्टेड लिव्हिंग तिथे सापडणारच नाही. त्याचा परवाना राज्य देतं आणि नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात त्याला आरसीएफई म्हणतात आणि तिथल्या सोशल सर्व्हिसेस खात्याचे तपासणी अहवाल ऑनलाइन वाचता येतात. टेक्ससमध्ये टाइप ए आणि टाइप बी असे दोन परवाने आहेत. टाइप ए जागेतला माणूस आग लागली तर कोणाच्या मदतीशिवाय बाहेर पडू शकला पाहिजे. वॉकर घेऊन चालणाऱ्या वडिलांसाठी टेक्ससमध्ये जागा पाहत असाल, तर बाग किती छान आहे ते नंतर पाहा, आधी परवाना कुठला ते विचारा.

आता पैसे. इथेच मला जास्त लिहायचं आहे, कारण आपली माणसं जागा आधी पसंत करतात आणि हिशेब मागाहून मांडतात. आम्हीही तेच केलं.

देशभरातल्या खर्चाच्या २०२४ च्या एका मोठ्या पाहणीत असिस्टेड लिव्हिंगचा मध्यम दर महिन्याला ५,९०० डॉलर होता. वर्षाचे ७०,८०० झाले. आमच्यासारख्या महाग राज्यात त्याहून जास्तच धरून चाला. मेडिकेअर यातलं काही देत नाही. हे वाक्य मी तीनदा सांगते तरी लोकांना पटत नाही, कारण "ऑपरेशननंतर काकांचे शंभर दिवस मेडिकेअरने भरले होते" असं कोणीतरी सांगितलेलं असतं. ते असिस्टेड लिव्हिंग नव्हतं. ती इस्पितळानंतरची नर्सिंगची आणि व्यायामाची सोय होती. मूळ मेडिकेअरमध्ये त्यासाठी आधी सलग तीन दिवस इस्पितळात 'इनपेशंट' म्हणून दाखल असावं लागतं, पहिले २० दिवस पूर्ण खर्च मिळतो, पुढे १०० व्या दिवसापर्यंत रोजचा आपला वाटा असतो, आणि बरं होण्यासाठी उपचार चालू आहेत तोवरच. त्यातही एक गोम आहे. माणूस चार रात्री इस्पितळाच्या खाटेवर झोपलेला असतो आणि कागदावर 'ऑब्झर्व्हेशन', म्हणजे नुसतं देखरेखीखाली, असं लिहिलेलं असतं. मग ते तीन दिवस धरलेच जात नाहीत. दुसऱ्याच दिवशी केस मॅनेजरला विचारा: इनपेशंट की ऑब्झर्व्हेशन?

मुळात मेडिकेअर मिळण्यासाठी आई-वडिलांचं वय ६५ पूर्ण हवं आणि ग्रीन कार्डधारक म्हणून इथे सलग पाच वर्षं वास्तव्य हवं. सलग म्हणजे सलग. दर हिवाळ्यात सहा-सहा महिने भारतात काढणाऱ्यांनी ग्रीन कार्डाचाही आणि या पाच वर्षांचाही विचार करावा. त्यांनी इथे दहा वर्षं नोकरी केलेली नसते, त्यामुळे मेडिकेअरचा पार्ट ए, म्हणजे इस्पितळाचा विमा, फुकट मिळत नाही. २०२५ मध्ये त्याचा पूर्ण हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता आणि डॉक्टरांच्या खर्चासाठीच्या पार्ट बीचा १८५. पाच वर्षं भरतात त्या सुमारास नाव नोंदवायची मुदत असते. ती चुकली तर हप्त्यावर दंड चढतो. प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची फुकट सल्ला देणारी सरकारी व्यवस्था आहे, तिथे एक फोन करून टाका.

असिस्टेड लिव्हिंगमधल्या देखभालीचे पैसे देऊ शकतं ते मेडिकेड. पण ती गरिबांसाठीची वेगळी सरकारी योजना आहे, आणि नवीन ग्रीन कार्डधारकाला साधारणपणे पहिली पाच वर्षं मिळत नाही. मिळालं तरी अनेक राज्यांत वेटिंग लिस्ट असते, आणि मेडिकेड देखभालीचे पैसे देतं, खोलीभाड्याचे व जेवणाचे नाही. आमच्या न्यू जर्सीत या योजनेला एमएलटीएसएस म्हणतात. बऱ्याच राज्यांत एकट्या माणसाकडे २,००० डॉलरहून जास्त शिल्लक चालत नाही. त्यात भारतातली मालमत्ताही सांगावी लागते. इथे आपल्याकडची एक सवय अंगाशी येते. पुण्याचा फ्लॅट आई धाकट्याच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळी होते. घरात सगळ्यांना ते योग्यच वाटतं. पण मेडिकेडचा अर्ज करताना बहुतेक राज्यांत मागच्या पाच वर्षांतले असे व्यवहार तपासतात आणि दिलेल्या रकमेच्या हिशेबाने तेवढा काळ मदत रोखतात. बक्षीसपत्रावर सही होण्याआधी इथल्या एल्डर लॉ वकिलाशी, म्हणजे ज्येष्ठांची कायदेशीर कामं पाहणाऱ्या वकिलाशी, तासभर बोला. त्या तासाची फी वाचवू नका.

आणि तुम्ही सही केलेलं ते आय-८६४ आठवतंय का? ग्रीन कार्डाच्या वेळी दिलेलं हमीपत्र. फायलीत कुठेतरी खाली असेल. त्याप्रमाणे आईची आर्थिक जबाबदारी तुमची आहे, आणि मदतीच्या योजनांमध्ये तुमचं उत्पन्न तिचं म्हणून धरलं जाऊ शकतं. ती अमेरिकन नागरिक झाली की ही हमी संपते. म्हणून पाच वर्षं झाल्याबरोबर नागरिकत्वाचा अर्ज करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. माझी आई शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे तिला परीक्षेची धास्ती नव्हती; उलट तिने आम्हालाच सिनेटर किती ते विचारून हैराण केलं. ज्यांना आजारपणामुळे शिकणं शक्य नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरांनी भरायचा एन-६४८ फॉर्म आहे. विस्मरण वाढल्यावर धावपळ करण्यापेक्षा वेळेत केलेलं बरं.

बाकी उरतो तो आपला खिसा. भारतातलं घर विकून पैसे आणायचे असतील, तर एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या, खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत आणता येतात. त्यासाठी सीएकडून कराचं प्रमाणपत्र आणि आपलं घोषणापत्र लागतं (हे फॉर्म १५सीबी आणि १५सीए या नावांनी ओळखले जात आले आहेत). याला महिने लागतात, त्यामुळे ठेव भरायच्या आठवड्यात सीए शोधू नका. आई ग्रीन कार्डावर आहे म्हणजे तिची भारतातली पेन्शन आणि व्याज इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, आणि तिथली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा असतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. थोडा दिलासा असा, की तिचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल, तर तिचा वैद्यकीय खर्च तुमच्या रिटर्नमध्ये धरता येतो, तुमच्या उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरचा भाग. अंघोळ, कपडे, उठणं-बसणं अशा किमान दोन कामांत मदत लागते किंवा विस्मरण आहे असं डॉक्टर वा नर्सने लिहून दिलं आणि देखभालीचा लेखी आराखडा असला, तर असिस्टेड लिव्हिंगचं बिलही त्यात बसू शकतं. तो कागद पहिल्याच वर्षी मागून घ्या.

लाँग टर्म केअर इन्शुरन्स, म्हणजे अशा देखभालीचा खर्च देणारा खासगी विमा, आईला या वयात मिळणार नाही. तुम्ही चाळिशी-पन्नाशीत असाल तर स्वतःसाठी जरूर चौकशी करा.

आता जागा पाहायला जाण्याबद्दल. इंटरनेटवर "फुकट सल्ला" देणाऱ्या एजन्सींना फोन केलात, तर संध्याकाळपर्यंत दहा ठिकाणांहून फोन येतील. त्यांचं कमिशन ती जागा देते, आणि ज्यांच्याशी त्यांचा करार नाही अशा जागा ते सांगत नाहीत. आम्ही रविवारी दुपारी टूरला गेलो. लॉबीत पियानो होता, ताज्या कुकीजचा वास होता, आणि मार्केटिंगवाली बाई इतकी गोड बोलली की नवरा गाडीत म्हणाला, "मीच येऊन राहतो." दुसऱ्यांदा मी न सांगता संध्याकाळी सातला गेले, तेव्हा वेगळं दिसलं. एका मजल्यावर दोनच मदतनीस, आणि घंटा वाजवून कंटाळलेल्या एक आजी दाराशी उभ्या. तुम्ही पहिल्यांदाच जेवणानंतरच्या वेळी जा. रात्री मजल्यावर कितीजण असतात, घंटेला किती वेळात येतात, मागच्या वर्षात किती मदतनीस सोडून गेले, हे विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा.

'व्हेजिटेरियन' म्हटलं की माना डोलावतात. मग रोज पास्ता आणि कच्चं सॅलड येतं. एका आठवड्याचा मेनू मागा आणि एक जेवण तिथेच जेवा. खोलीत मायक्रोवेव्ह चालतो का, आणि घरून आणलेला डबा कोणाच्या फ्रिजमध्ये ठेवायचा, हेही. आईला वरण-भात मिळाला की तिचं बाकी सगळ्याबद्दलचं मत सुधारतं. भाषेचं मात्र गंभीरपणे घ्या. विस्मरणात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते. आई रात्री "दुखतंय" म्हणाली तर कोणाला कळणार? आम्ही खोलीत कपाटावर एक तक्ता चिकटवला: पाणी, दुखतंय, बाथरूम, गार वाजतंय, रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अर्थासह. मदतनीस मुलींनी तो हौसेने पाठ केला.

शेवटी करार. साठ-सत्तर पानं असतात आणि ऑफिसात बसून सही करा म्हणतात. करू नका, घरी आणा. जाहिरातीतला आकडा म्हणजे खोलीचं भाडं. त्यावर 'लेव्हल ऑफ केअर' चढते, म्हणजे मदत किती लागते त्या पातळीचे वेगळे पैसे. आत येताना नर्सने आईला सर्वांत खालच्या पातळीवर ठेवलं. तिसऱ्या महिन्यात फेरतपासणी होऊन दोन पातळ्या चढल्या आणि बिल ९०० डॉलरनी वाढलं. पातळी कोण ठरवतं, किती दिवस आधी कळवतात, हे करारात शोधा. सुरुवातीला भरायची 'कम्युनिटी फी' सहसा परत मिळत नाही, पण बऱ्याचदा घासाघीस करून कमी होते. महिनाअखेरीला विचारून बघा. नवरा-बायको दोघं असतील तर दुसऱ्या माणसाचे वेगळे पैसे. दरवर्षीची भाडेवाढ गेल्या तीन वर्षांत किती झाली ते लेखी मागा. इस्पितळात असताना खोलीचं भाडं चालू राहतं का तेही.

सर्वांत महत्त्वाचं कलम 'डिस्चार्ज'चं, म्हणजे जागा सोडायला लावण्याचं. कोणत्या अवस्थेत ते आईला ठेवून घेणार नाहीत? उठवायला दोन माणसं लागली तर? रात्री भटकू लागली तर? आणि पैसे संपले तर मेडिकेडवर ठेवतील का? काही जागा आधी दोन-तीन वर्षं स्वतःच्या पैशाने राहण्याची अट घालतात आणि मगच मेडिकेड घेतात, काही घेतच नाहीत. आमच्या पहिल्या पसंतीची जागा न घेणाऱ्यांतली निघाली. पियानो राहिला तिथेच.

सही करताना 'रिस्पॉन्सिबल पार्टी' किंवा 'गॅरंटर' अशा ओळीवर नुसतं नाव लिहू नका, नाहीतर बिलाला तुम्ही वैयक्तिक जबाबदार. आईच्या वतीने, तिचा पॉवर ऑफ अटर्नी म्हणून सही करा आणि तसं सहीखाली लिहा. त्यासाठी या राज्याच्या नियमांप्रमाणे केलेली ड्युरेबल पॉवर ऑफ अटर्नी (तिचं भान गेलं तरी चालू राहणारं मुखत्यारपत्र) आणि हेल्थ केअर प्रॉक्सी (तिच्या उपचारांचे निर्णय घ्यायचा अधिकार) आधीच हवी. पुण्यात नोटरीकडे केलेलं कुलमुखत्यारपत्र इथल्या बँकेत चालेल या भरवशावर राहू नका.

सामान लावायच्या दिवशी घाई करू नका. देव्हारा आधी लावा, मग टीव्ही. उदबत्ती-निरांजन चालत नाही, बॅटरीचा दिवा घेऊन जा. पहिल्या महिन्यात वेगवेगळ्या वेळी चक्कर मारा, आणि लिफ्टजवळच्या फलकावर ऑम्बुड्समनचा फोन नंबर लावलेला असेल, तो पाहा. हा राज्याचा माणूस, फुकट, तक्रार ऐकायला नेमलेला. आम्हाला त्याला एकदाच फोन करावा लागला, औषधं दोन दिवस चुकली तेव्हा, आणि आठवड्यात फरक पडला. आत आल्याच्या दिवशीच त्या फलकाचा फोटो काढून ठेवा.