वटवाघळांच्या जनुकांवर पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी

वटवाघळांची विषाणूप्रतिकारक्षमता हा पीएचडीचा विषय घेऊ पाहणारे विद्यार्थी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: निपा किंवा मारबर्गसारखे विषाणू अंगावर बाळगूनही हे प्राणी आजारी का पडत नाहीत, यावर काम करता येईल का? करता येईल, पण प्रश्न इतका सैल ठेवून नव्हे. वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी जवळपास पाचवा हिस्सा, आणि रेबीजने वटवाघळेही मरतात. प्रबंधाचा आराखडा मांडताना कोणती जात, कोणते जनुक आणि तुलना कोणाशी, या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असाव्यात, असा माझ्या मार्गदर्शकांचा आग्रह होता आणि आता तो माझाही आहे.

इंटरफेरॉनचे, म्हणजे विषाणू शिरल्यावर पेशी सोडतात त्या बचावाच्या प्रथिनांचे, उदाहरण घ्या. टेरोपस अलेक्टो या ऑस्ट्रेलियातील फलाहारी वटवाघळात अल्फा इंटरफेरॉनची केवळ तीन जनुके आहेत आणि ती संसर्ग नसतानाही कार्यरत असतात, असे २०१६ मध्ये दाखवण्यात आले. त्यावरून ‘वटवाघळांमध्ये इंटरफेरॉनची जनुके कमी, पण सदैव जागी’ असे सूत्र रूढ होऊ लागले. परंतु २०१८ मध्ये इजिप्शियन फलाहारी वटवाघळाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनएचा क्रम, प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात याच जनुककुटुंबाचा, विशेषतः ओमेगा इंटरफेरॉनचा, विस्तार झालेला आढळला. या दोन्ही जाती एकाच कुळातल्या आहेत. एका जातीवरून साऱ्या गणाविषयी बोलणारा प्रबंध परीक्षकांपुढे टिकणे कठीण असते, ते यामुळेच.

जनुक ‘नाही’ असे म्हणणे त्याहून जोखमीचे. पायहिन कुटुंबातील जनुके, जी इतर सस्तन प्राण्यांत पेशीत शिरलेला परका डीएनए ओळखण्यास मदत करतात, ती वटवाघळांनी गमावली आहेत, हा निष्कर्ष आज मान्य आहे, कारण तो दूरच्या नात्यातील अनेक जातींमध्ये तपासला गेला. आपल्या हाती एकाच जातीचा, लहान तुकडे जोडून तयार केलेला जीनोम असेल, तर जनुक खरोखर लोपले आहे की जोडणीत तेथे पोकळी राहिली आहे, हे ठरवण्यासाठी शेजारची जनुके जागेवर आहेत का ते पाहावे लागते, मूळ सिक्वेन्सिंगचे, म्हणजे डीएनएच्या क्रमवाचनाचे, तुकडे पुन्हा चाळावे लागतात आणि शक्य असल्यास आरएनएमध्येही, म्हणजे जनुकांवरून पेशीत उतरलेल्या प्रतींमध्येही, शोध घ्यावा लागतो. २०२० मध्ये सहा जातींचे उत्तम दर्जाचे जीनोम उपलब्ध झाल्याने हे काम सुकर झाले, संपले मात्र नाही. सकारात्मक निवडीच्या, म्हणजे जनुकातील फायद्याचे बदल उत्क्रांतीत टिकले का हे तपासणाऱ्या, चाचण्यांचेही तसेच आहे: वेगवेगळ्या जातींच्या क्रमांची एकाखाली एक केलेली मांडणी जराशी जरी सरकली, तरी संगणक मोठ्या आत्मविश्वासाने खोटी निवड दाखवतो. प्रत्येक ‘लक्षणीय’ स्थान डोळ्यांनी पाहण्याचे काम कंटाळवाणे असते आणि ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

संगणकावरील निष्कर्षाला पेशींवरील प्रयोगाची जोड हवी. स्टिंग या, पेशीत परका डीएनए आढळल्यावर इंटरफेरॉनची निर्मिती सुरू करणाऱ्या, प्रथिनाविषयीचे संशोधन मला या बाबतीत आदर्श वाटते. इतर सस्तन प्राण्यांत या प्रथिनात ३५८व्या जागी टिकून असलेले सेरीन हे अमिनो आम्ल वटवाघळांमध्ये बदललेले दिसले. संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत, तर त्यांनी तेथे सेरीन परत बसवून इंटरफेरॉनचा प्रतिसाद सुधारतो हे दाखवले. व्यवहारात अडचण येते ती साधनांची. प्रथिने ओळखण्यासाठी व मोजण्यासाठी प्रयोगशाळेत वापरली जाणारी, माणसाच्या वा उंदराच्या प्रथिनांसाठी बनवलेली प्रतिपिंडे वटवाघळांच्या प्रथिनांना पुष्कळदा चिकटतच नाहीत, म्हणून आरएनए मोजण्याची तयारी आधीपासून ठेवावी.

भारतात नमुने गोळा करायचे असतील, तर वनविभागाची परवानगी आणि संस्थेच्या प्राणी-नैतिकता व जैवसुरक्षा समित्यांची मान्यता मिळवण्यात जाणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा. नमुने परदेशी पाठवायचे असल्यास २००२ च्या जैवविविधता कायद्याचीही बंधने येतात. पंखाच्या पडद्याचा छोटा तुकडा पेशीसंवर्धनाला पुरतो आणि ती जखम भरून येते, त्यामुळे प्राणी मारण्याची गरज सहसा पडत नाही. वटवाघूळ हाताळण्यापूर्वी रेबीजची प्रतिबंधक लस घेतलीच पाहिजे. महाबळेश्वरच्या गुहेतून २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने प्रसिद्ध केले आहे, तेव्हा हा धोका केवळ केरळपुरता समजू नये. जिवंत निपा विषाणूवरचे काम सर्वोच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच होते. जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे बरेचसे प्रयोग मात्र विषाणूच्या आरएनएची नक्कल करणाऱ्या कृत्रिम रेणूंवर भागतात.

प्रवेश घेण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेतील जुन्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: पेशी आणि नमुने आज फ्रीझरमध्ये आहेत की अजून केवळ प्रस्तावात, आणि संगणकीय विश्लेषण अडले की मदतीला कोण बसते.